पुरावा पासष्टीच्या आतला, गोळी ऐंशीच्या माणसाला

हान राजवटीच्या अखेरच्या काळात, म्हणजे सुमारे अठराशे वर्षांपूर्वी, झांग झोंगजिंग या चिनी वैद्याने ‘शांग हान लुन’ या ग्रंथात एक सूचना लिहून ठेवली. रोग्याच्या शरीरातले द्रव आटले असतील तर मल कडक झाला तरी त्याच्यावर जुलाबाचा मारा करू नये. त्याला आपणहून शौचाची भावना होईपर्यंत थांबावं, आणि मग मध आटवून केलेली वळी गुदद्वारातून आत सारून वाट मोकळी करावी. अशक्त, कोरड्या पडलेल्या शरीराला वरून रेटायचं नाही, खालून सोडवायचं, हा त्या सूचनेचा अर्थ.

याच ग्रंथात मा-त्झ-रेन-वान नावाची गोळीही आहे. भांगेच्या बिया, रेवंदचिनीचं मूळ, जर्दाळूच्या बियांतला कडू गर, पांढऱ्या पिओनीचं मूळ, कोवळं कडू संत्रं आणि मॅग्नोलियाची साल असे तिचे सहा घटक. (भांगेच्या बियांत नशेचा अंश नगण्य असतो. इथे त्या तेलासाठी आहेत.) जुनाट बद्धकोष्ठतेवरच्या चिनी वनौषधींची चर्चा निघाली की आज हीच गोळी पुढे केली जाते, कारण तिच्यामागे खरोखर चांगल्या चाचण्या आहेत. मात्र ती पुढे करताना त्याच ग्रंथातली आधीची सूचना कोणी सांगत नाही.

माझं म्हणणं असं आहे. वृद्धांच्या बद्धकोष्ठतेवर चिनी वनौषधींचा विचार जरूर व्हावा. पण आज ज्या रीतीने त्या वृद्धांपर्यंत पोचतात, म्हणजे ‘नैसर्गिक’ या एका शब्दावर, चिठ्ठीशिवाय, आत काय आणि किती आहे हे न सांगता, ती रीत बंद झाली पाहिजे. आणि पासष्टीच्या आतल्या माणसांवर मिळालेला पुरावा ऐंशीच्या माणसाला लावणं हे शास्त्रही नाही आणि परंपराही नाही.

आधी त्या चाचण्यांना न्याय देऊ. हाँगकाँगच्या बॅप्टिस्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये १२० जणांवरची चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्यांना ही औषधी, निम्म्यांना तशाच चवीची खोटी पूड, आठ आठवडे. औषधाच्या गटात ४३.३ टक्के लोकांना ठरवलेल्या मापाइतका फरक पडला, खोट्या औषधाच्या गटात ८.३ टक्क्यांना. पुढे २०१९ मध्ये याच मंडळींनी आणखी कसोटीची चाचणी केली. २९१ जण आणि तीन गट: एकाला मा-त्झ-रेन-वान, दुसऱ्याला सेन्ना म्हणजे आपली सोनामुखी, तिसऱ्याला खोटं औषध. आठ आठवड्यांअखेर फरक पडलेल्यांचं प्रमाण अनुक्रमे ६८, ५७.७ आणि ३३ टक्के होतं. औषध थांबवून आणखी आठ आठवडे गेल्यावर ते ४७.४, २०.६ आणि १७.५ टक्के उरलं.

हे शेवटचे आकडे मला महत्त्वाचे वाटतात. सोनामुखी बंद केल्यावर तिचा परिणाम जवळजवळ खोट्या औषधाच्या पातळीला आला, पण या गोळीचा निम्म्याच्या आसपास लोकांत टिकला. म्हणजे ती निव्वळ रेवंदचिनीचा जुलाब नाही, बाकीचे घटकही काही करत असावेत. वनौषधी म्हटलं की नाक मुरडणाऱ्या डॉक्टरांनी हा निकाल प्रामाणिकपणे वाचायला हवा. त्यासोबत दुसरा एक आकडाही वाचावा: खोट्या औषधानेही तीनातल्या एकाला बरं वाटलं. बद्धकोष्ठतेच्या बाबतीत ‘मला गुण आला’ हे वाक्य पुरावा म्हणून किती कच्चं आहे, ते यावरून कळतं.

आता अडचणीकडे येतो. या चाचण्यांत घेतलेली माणसं १८ ते ६५ वयाची होती. शिवाय ती निवडताना चिनी वैद्यकाचाच एक निकष लावला होता. त्या वैद्यकात बद्धकोष्ठतेचे दोन ढोबळ प्रकार मानतात: एक ‘भरलेपणाचा’, ज्यात रोगी धडधाकट असतो, पोट गच्च असतं, अंगात उष्णता असते, दुसरा ‘रितेपणाचा’, ज्यात शक्ती कमी, रक्त कमी, द्रव कमी, कुंथायलाही बळ नाही. चाचण्या पहिल्या प्रकारच्या रोग्यांवर झाल्या. म्हातारपणातली बद्धकोष्ठता मात्र चिनी वैद्य बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारात घालतात. म्हणजे ज्या वृद्धांना ही गोळी आज सुचवली जाते, त्यांना चाचणीच्या दारातून दोनदा परत पाठवलं गेलं असतं, एकदा वयामुळे आणि एकदा त्या परंपरेच्या स्वतःच्या निदानामुळे.

‘रितेपणा’ ही कल्पना शरीरशास्त्र म्हणून मी स्वीकारत नाही. नाडी आणि जिभेवरून केलेल्या या वर्गवारीला प्रयोगशाळेत पडताळता येईल असा आधार नाही. पण तिच्यामागचं निरीक्षण खोटं नाही. वयाबरोबर तहान मंदावते, म्हणून माणूस पाणी कमी पितो. हालचाल कमी होते. पोटाचे आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ढिले पडतात. गुदाशय भरल्याची जाणीव बोथट होते, म्हणून भावनाच होत नाही, आणि मल तिथे जितका थांबतो तितकं मोठं आतडं त्यातलं पाणी शोषून घेतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस वू जुटोंग या वैद्याने अशा कोरड्या रोग्यांसाठी तीन मुळांचा एक काढा सांगितला. त्याच्यामागचा विचार चिनी वैद्य एका चित्रात मांडतात: पाण्याअभावी नाव गाळात रुतली असेल तर वल्ही मारून उपयोग नाही, आधी पाणी वाढवा. आजचा डॉक्टर पॉलिएथिलीन ग्लायकॉल देतो तेव्हा तोही हेच करतो. ते औषध शोषलं जात नाही, आतड्यात पाणी धरून ठेवतं. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या दोन संघटनांनी २०२३ मध्ये मिळून जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत या औषधाची शिफारस ठाम आहे आणि सोनामुखीची सशर्त.

सगळ्या वादाच्या केंद्रात रेवंदचिनी आहे, म्हणून तिच्याविषयी थोडं सविस्तर. तिच्यात सेन्नोसाइड असतात, सोनामुखीत असतात तेच. ते वरच्या आतड्यातून तसेच खाली उतरतात, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांचं रूपांतर रेइन-अँथ्रोनमध्ये करतात, आणि हा पदार्थ आतड्याला जोरात हलवतो आणि पाणी परत शोषू देत नाही. म्हणून रात्री घेतलेल्या डोसाचा परिणाम सकाळी दिसतो. पण तिच्यात टॅनिनही असतात, आणि ते उलट, बांधणारे असतात. कमी मात्रेत किंवा जुलाबाचा भर ओसरल्यावर तीच रेवंदचिनी मल घट्ट करू शकते. मुळी किती वेळ उकळली यावरही सगळं बदलतं. काढ्यात शेवटच्या काही मिनिटांत टाकली तर जालीम, तासभर उकळली किंवा मद्यात वाफवून घेतली तर सौम्य. चिनी वैद्यांना हे शतकानुशतकं ठाऊक आहे, म्हणून कोणत्या रोग्यासाठी ती केव्हा टाकायची हेही ते चिठ्ठीत लिहितात. तयार गोळीच्या डबीवर नुसतं ‘रेवंदचिनी’ छापलं असेल तर त्यातून वैद्यालाही काही कळणार नाही, मग घेणाऱ्याला काय कळावं?

एक भीती मी इथेच बाजूला काढतो. अशा औषधांनी आतडं कायमचं ‘मरतं’ किंवा ‘आळशी होतं’ असं सर्रास सांगितलं जातं. त्याला भक्कम आधार मिळालेला नाही. दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या आतड्याचं अस्तर आतून काळपट होतं हे खरं, पण तो रंग निरुपद्रवी मानला जातो आणि औषध थांबवल्यावर काही महिन्यांत जातो. खोट्या भीतीने लोकांना दूर ठेवणं मला मान्य नाही. खऱ्या भीतीची कारणं पुरेशी आहेत, आणि ती आतड्यात नसून रक्तात आहेत.

जुलाबावाटे पाणी जातं आणि पोटॅशियमही. चाळिशीच्या माणसाचं मूत्रपिंड हे सांभाळून घेतं. ऐंशीच्या माणसाचं मूत्रपिंड मुळात थकलेलं असतं, आणि तो बहुधा रक्तदाबासाठी किंवा सुजेसाठी लघवीवाटे पाणी काढणारी गोळी घेत असतो. तिच्यापायीही पोटॅशियम जातं. आता चिनी योगांपैकी अनेकांत ज्येष्ठमध असतो. तो सर्दीखोकल्यात निरागस वाटतो, पण रोज पुरेशा मात्रेत पोटात गेला की शरीर मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम टाकतं, रक्तदाब चढतो, पाय सुजतात. रेवंदचिनी, ज्येष्ठमध आणि लघवीची गोळी एकाच माणसाच्या पोटात गेली तर पोटॅशियम तिन्ही बाजूंनी उतरतं. तो माणूस हृदयासाठी डिगॉक्सिन घेत असेल तर कमी पोटॅशियममुळे त्याच डिगॉक्सिनचं विष होतं आणि ठोके बिघडतात. शिवाय रात्री जोराची भावना होऊन अंधारात लगबगीने उठलेला वृद्ध पडतो आणि खुबा मोडतो, हा दुष्परिणाम कोणत्याही डबीवर लिहिलेला नसतो.

मग रेवंदचिनी नसलेले सौम्य योग द्यावेत, असं कोणी म्हणेल. परंपराही तेच म्हणते. मिंग काळातल्या झांग जिंगयुए या वैद्याने वृद्ध, थंड पडलेल्या, अशक्त रोग्यांसाठी जी-च्वान-जियान हा काढा सांगितला. त्यात सिस्टँके ही वाळवंटी परजीवी वनस्पती आणि दांग ग्वी म्हणजे चिनी अँजेलिका हे मुख्य घटक आहेत, जुलाब करणारं काही नाही. पाच तेलबियांची एक गोळीही आहे, आतड्याला वंगण देणारी. वृद्धांना द्यायचंच तर माझं मन याच बाजूला झुकतं. पण खोट्या औषधाशी झाकून तुलना केलेला मोठा, विश्वासार्ह पुरावा या योगांमागे नाही. चीनमधल्या चाचण्या पुष्कळ आहेत, पण त्यांतल्या बहुतेक लहान आहेत, कोणाला काय दिलं हे रोग्यालाही आणि डॉक्टरलाही ठाऊक असलेल्या आहेत, आणि कित्येकांत तुलनेसाठी सिसाप्राइड वापरलं आहे. हे औषध हृदयाच्या ठोक्यांवरच्या घातक परिणामामुळे अमेरिकेत २००० मध्येच बाजारातून काढलं गेलं होतं. सौम्य म्हणजे निर्धोक असंही नाही. दांग ग्वीने वॉर्फरिनचा रक्त पातळ करण्याचा परिणाम वाढल्याच्या नोंदी आहेत, आणि वॉर्फरिन घेणारे बहुसंख्य लोक वृद्धच असतात.

‘हे शौ वू’ नावाच्या चिनी मुळाचं उदाहरण तर प्रत्येकाने लक्षात ठेवावं. कच्च्या स्वरूपात ते आतडी ओलावण्यासाठी आणि मल सैल करण्यासाठी, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना दिलं जातं. केस काळे राहतात अशीही त्याची ख्याती आहे, म्हणून खप मोठा. या मुळाने यकृताला इजा होते, कावीळ होते, हे आता नीट नोंदलेलं आहे. ब्रिटनच्या औषध नियामकाने २००६ मध्ये आणि खुद्द चीनच्या नियामकाने २०१४ मध्ये त्याबद्दल इशारा दिला. बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जे झालं ते आणखी भयंकर. वजन उतरवण्याच्या गोळ्यांत एका चिनी मुळीच्या जागी नावसाधर्म्यामुळे दुसरीच, अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असलेली मुळी पडली. शंभराहून अधिक जणांच्या, बहुतेक स्त्रियांच्या, मूत्रपिंडांना गंभीर इजा झाली, कित्येकींची ती निकामी झाली, आणि पुढे अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. तो विषय बद्धकोष्ठतेचा नव्हता, पण डबीवर जे लिहिलंय तेच आत आहे का, हा प्रश्न कोणत्याही वनौषधीला लागू आहे.

यावर वनौषधींच्या समर्थकांचं एक उत्तर नेहमी येतं. चिनी वैद्यक प्रत्येक रोग्याला वेगळा योग देतं, म्हणून ते एकाच औषधाच्या चाचणीत बसत नाही. हे उत्तर मला पटत नाही, कारण तशी चाचणी झालेली आहे. ऑस्ट्रेलियात आतड्याच्या दुसऱ्या एका जुनाट विकारावर, ज्यात पोटदुखीबरोबर कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठता होते, ११६ रोग्यांचे तीन गट केले: एकाला प्रत्येकासाठी खास बनवलेला योग, दुसऱ्याला सर्वांसाठी एकच ठरावीक योग, तिसऱ्याला खोटं औषध. निकाल १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आले. उपचार चालू असताना दोन्ही खऱ्या गटांना गुण आला, पण उपचार थांबल्यावर चौदा आठवड्यांनी तो टिकला फक्त खास योग मिळालेल्यांत. म्हणजे व्यक्तीनुसार उपचार तपासता येतात, आणि कदाचित त्यांचाच फायदा जास्त असतो. जो तपासायला नकार देतो, तो आपल्याच परंपरेची सर्वांत चांगली बाजू अंधारात ठेवतो. वृद्धांवर चाचणी करता येत नाही हेही खरं नाही. तैवानमध्ये दीर्घकालीन शुश्रूषा केंद्रांत राहणाऱ्या सुमारे नव्वद जणांवर एका चिनी योगाची लॅक्ट्युलोज या नेहमीच्या रेचकाशी झाकून तुलना झाली आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही गटांना फायदा झाला. त्या योगात रेवंदचिनी होतीच, पण सोबत जिनसेंग आणि आलं यांसारखे बळ देणारे घटक होते. एवढ्याशा संख्येवर धोरण ठरवता येत नाही, पण वाट आहे एवढं तरी त्यातून दिसतं.

आधुनिक वैद्यकाची बाजू घेऊन मी हे लिहितोय असं कोणाला वाटू नये. वृद्ध माणसं वनौषधींकडे वळतात याचं मोठं कारण दवाखान्यातली बेपर्वाई आहे. ‘पोट साफ होत नाही’ या तक्रारीवर ‘पाणी प्या, चालत जा, वयानुसार होतंच’ एवढं सांगून बोळवण होते. रोगी काय काय औषधं घेतो हे कोणी पाहत नाही. वेदनेसाठी ट्रामाडोल, झोपेसाठी किंवा मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी अमिट्रिप्टिलिन, लघवी आवरायला ऑक्सिब्युटिनिन, रक्तदाबाला व्हेरापामिल, वर लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या. यांतली प्रत्येक गोष्ट आतडं मंदावते किंवा मल घट्ट करते. यादीतली एक गोळी बदलली तर जुलाबाची, चिनी किंवा इतर कोणत्याही, गरजच उरत नाही असं अनेकदा होतं. थायरॉइड मंदावलेलं असू शकतं. कंपवातात तर हात थरथरू लागण्याच्या कित्येक वर्षं आधी बद्धकोष्ठता सुरू होऊ शकते.

बोटाने गुदाशय तपासण्याचा संकोच तर डॉक्टरांनाही असतो, आणि त्या संकोचाची किंमत मोठी आहे. काही जणांत कुंथताना ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल होण्याऐवजी आवळले जातात. त्यांना कोणतंही रेचक पुरेसं पडत नाही, स्नायूंना पुन्हा शिकवण्याचे व्यायाम लागतात. काहींच्या गुदाशयात मलाचा दगडासारखा खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ मल झिरपत राहतो. घरच्यांना वाटतं जुलाब होतायत, म्हणून बांधणारं औषध दिलं जातं, किंवा उलट, ‘थोडं थोडं होतंय’ म्हणून आणखी जोराचं रेचक. दोन्ही चुकीचं. अशा माणसाला लघवी अडकते, तो बरळू लागतो, आणि स्मृतिभ्रंश वाढला असं समजून घरचे हताश होतात. अंथरुणाला खिळलेल्याला नुसता कोंडा आणि इसबगोल भरवत राहिलं तर हा खडा आणखी मोठा होतो. आणि पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलली, रक्त पडलं, वजन उतरलं, तर काढ्यात घालवलेला प्रत्येक महिना आतड्याच्या कर्करोगाला दिलेला असतो.

तेव्हा अपेक्षा कोणाकडून काय ठेवायची? नियामकांकडून पहिली: सेन्नोसाइड असलेली कोणतीही वनस्पती, रेवंदचिनी असो, सोनामुखी असो, डबीच्या दर्शनी बाजूला ‘यात जुलाब करणारं औषध आहे’ असं साध्या भाषेत छापून आणि त्याचं प्रमाण मिलिग्रॅममध्ये देऊनच विकली जावी. हे अशक्य नाही. जपानच्या औषधकोशात रेवंदचिनीच्या मुळात सेन्नोसाइड ए किमान ०.२५ टक्के असावं असं ठरलेलं आहे. तिथे मा-त्झ-रेन-वान ‘माशिनिनगान’ या नावाने, ठरावीक प्रमाणाच्या दाण्यांच्या रूपात, डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणि सार्वजनिक विम्यातून मिळते. ज्येष्ठमध असलेल्या योगांच्या माहितीपत्रकात पोटॅशियम उतरण्याचा धोका लिहिलेला असतो. जपानने वनौषधींची हेटाळणी केली नाही आणि त्यांना मोकाटही सोडलं नाही. त्यांना औषध मानलं, आणि औषधाचे नियम लावले. मला तोच मार्ग योग्य वाटतो.

चिनी वैद्यांकडून अपेक्षा अशी की त्यांनी रोग्याच्या बाकीच्या औषधांची यादी मागावी आणि आपला योग घटकांसह लिहून रोग्याच्या हातात द्यावा. डॉक्टरांनी ती चिठ्ठी वाचावी, रोग्याला रागवू नये. रागावलं की पुढच्या वेळी तो लपवतो, आणि लपवलेला काढाच सर्वांत घातक ठरतो. रेवंदचिनीचा योग आठवडा-दोन आठवड्यांपेक्षा जास्त चालणार असेल तर रक्तातलं पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तपासलं गेलंच पाहिजे, औषध कोणत्याही परंपरेचं असो.

आणि संशोधकांकडून, विशेषतः ज्यांनी पासष्टीच्या आतल्यांवर इतकं नीट काम केलं त्यांच्याकडून, पुढची चाचणी पंचाहत्तरीच्या वरच्यांवर हवी. त्यांत चार-पाच औषधं घेणारे, काठी टेकत चालणारे, मूत्रपिंड थोडं थकलेले लोक हवेत, ‘रितेपणाच्या’ प्रकारातले हवेत, आणि तुलना पॉलिएथिलीन ग्लायकॉलशी हवी, कारण आज तेच सर्वांत भरवशाचं आहे. आठवड्याला किती वेळा शौच झालं एवढंच मोजून भागणार नाही. किती जण रात्री पडले, किती जणांचं पोटॅशियम उतरलं, किती जणांना वेगाने भावना होऊन कपडे खराब झाले, आणि किती जणांनी सहा महिन्यांनंतरही औषध आपणहून चालू ठेवलं, हेही मोजावं लागेल. जी-च्वान-जियान आणि तेलबियांची गोळी यांची अशीच चाचणी व्हावी, कारण वृद्धांसाठी म्हणून परंपरेने राखून ठेवलेले योग तेच आहेत आणि तेच सर्वांत कमी तपासलेले आहेत.